मी दुरुस्त केलेले शब्द

नांदेडच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, पण कळायचं नाही. दहावीपर्यंत गावातली शाळा, बारावी उमरीला. सकाळी वडील मोटारसायकलवर उमरी स्टेशनला सोडायचे आणि तिथून पॅसेंजरनं मी नांदेड गाठायची. गाडीत पुस्तक उघडून बसायची. एका ओळीवर बोट ठेवलं की मुदखेड यायचं, पण बोट पुढच्या ओळीवर जायचं नाही. वर्गात सगळं इंग्रजीत. पहिल्या दोन महिन्यांतच मी ठरवून टाकलं होतं की दिवाळीची सुट्टी लागली की परत कॉलेजला यायचं नाही, गपचूप बी.ए.ला नाव घालायचं.

तसं झालं नाही, ते आमच्या सरांमुळे.

सर नायगावकडचे, शेतकरी घरातले. तेव्हा पन्नाशीला टेकलेले असतील. वर्गात ते पुस्तकाप्रमाणे शिकवायचे, पण तास संपल्यावर आम्हा पाच-सहा जणांना लॅबमध्ये थांबवून घ्यायचे आणि तोच धडा पुन्हा आमच्या बोलीत सांगायचे. त्याचं त्यांना कोणी काही देत नव्हतं. उलट स्टाफरूममध्ये त्यांना नावं ठेवली जायची, की हे कॉम्प्युटर शिकवतात की कीर्तन करतात.

एक दिवस मी धीर करून विचारलं, "सर, पॅरामीटर आन् आर्ग्युमेंट एकच ना?"

सर म्हणाले, "पेरणीला गेलीस का कधी?"

"हाव."

"चाड्यावर कोण असतंय तुमच्याकडं?"

"आई." तिफणीवर लाकडी वाडग्यासारखं चाडं असतं. बाई मागून चालत त्यात मुठीनं बी सोडते, ते खाली नळ्यांतून मातीत जातं. आमच्याकडे तेव्हाही काही रानांत असंच पेरायचे.

"चाडं दरसाली बदलतंय का?"

"न्हाई."

"आन् बी?"

"बी बदलतंय. कधी ज्वारी, कधी तूर."

"मग झालं की. फंक्शन लिहिताना बसवून ठेवलं ते चाडं, म्हणजे पॅरामीटर. चालवताना त्यात सोडलं ते बी, म्हणजे आर्ग्युमेंट. चाडं रिकामंच असतंय गं, त्याला ठाऊक नसतंय आज काय येणार हाय."

मी हसले. मला वाटतं, कॉलेजात मी पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी. त्या दिवाळीनंतर कॉलेज उघडलं त्याच सकाळी मी पुन्हा पॅसेंजरमध्ये होते.

पुढं मी पुण्यात नोकरीला लागले. पहिल्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये काम कुठवर आलं असं विचारल्यावर मी म्हणाले, "मी ते करून राहिले." टेबलाभोवती हसू पसरलं. वाईट मनानं कोणी हसलं नसेल. पण नंतर महिनाभर एक मुलगा दिसला की "काय करून राहिलात?" म्हणायचा. मी माझी भाषा घासायला काढली. 'हाव'चं 'हो' झालं, 'लई'चं 'खूप'. 'आन्' गेलं, 'आणि' आलं. सात वर्षांत ती इतकी घासली गेली, की लग्नानंतर लातूरला सासरी आले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही बातम्या दिल्यावानी बोलता बघा." मला ते कौतुकच वाटलं होतं.

लातूरला मी घरूनच काम करायला लागले. त्याच सुमाराला एका प्रोग्रामिंग भाषेची माहितीपुस्तिका मराठीत आणणाऱ्या गटात मी सामील झाले. सगळं काम हौसेचं, इंटरनेटवरचं. कोणी एक पान भाषांतर करून पाठवायचं, दुसऱ्यानं ते तपासायचं. काढलेली ओळ लाल रंगात दिसते, तिच्याखाली नवी ओळ हिरव्या रंगात. गटानं मान्य केलेल्या संज्ञांची एक शब्दसूची होती. माझी भाषा नेटकी म्हणून वर्षभरात गटानं मला तपासणीचं काम दिलं. माझ्या खात्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा, त्यावरून मी बाई की पुरुष, कुठली, काही कळत नसे.

मला ते काम मनापासून आवडायचं. सकाळी सासऱ्यांचा चहा-औषध झालं की ऑफिसचं काम सुरू होण्याआधी तासभर मी पानं तपासायची. कुठं कोणी फंक्शन आणि मेथड या दोन्हींना 'पद्धत' म्हटलेलं असायचं. कुठं चलाची किंमत आणि चलाचं नाव यांत गल्लत असायची. अशी चूक सापडली, नीट केली, की तांदळातला खडा काढून टाकल्यासारखं बरं वाटायचं.

मग एक नवा भाषांतरकार आला. त्याचंही खातं नुसती अक्षरं आणि आकडे. दर चार दिवसांनी एक पान, न चुकता. टायपिंगच्या चुका पुष्कळ, वेलांट्या इकडच्या तिकडे, पण विषय पक्का ठाऊक असलेला माणूस होता. पहिली चार पानं मी किरकोळ दुरुस्त्या करून पुढं पाठवली. पाचवं पान फंक्शनचं होतं. त्यात लिहिलं होतं: "पॅरामीटर हे तिफणीवरील चाडे समजावे. चाडे तेच राहते, बी बदलते."

ते वाचून मी खुर्ची मागं सरकवली आणि उठून घरात दोन चकरा मारल्या. जगात दुसरं कोणी हे वाक्य लिहिणार नव्हतं.

तेव्हाच मी लिहायला हवं होतं की सर, मी तुमची विद्यार्थिनी. दोन ओळींचं काम होतं. मी लिहिलं नाही. मनाशी म्हटलं, सर संकोचतील, त्यांना मोकळेपणानं काम करता येणार नाही. शिवाय ओळख निघाली तर तपासणी कशी करायची? हे सगळं पटण्यासारखंच होतं. पण ते खरं कारण नव्हतं. ज्या माणसानं मला शिकवलं त्याच्यापेक्षा मला आता जास्त येतं, हे मला रोज सकाळी बघायचं होतं आणि ते बघताना मला कोणी बघायला नको होतं. हे कबूल करायला मला फार दिवस लागले.

मी चाडं काढलं. त्या जागी 'प्राचल' घातलं. शेऱ्यात लिहिलं: "ग्रामीण शब्द टाळावेत. वाचक सर्व महाराष्ट्रातला आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "महोदय, आपली सूचना मान्य. यापुढे काळजी घेईन."

त्यांनी मला महोदय म्हटलं होतं. मी ते वाचलं आणि पुढचं पान उघडलं.

त्यानंतर जवळपास सहा महिने हे चाललं. त्यांच्या काही चुका खऱ्याच होत्या. फंक्शन आणि मेथड ते सर्रास एकच मानायचे. मी फरक लिहून दाखवला तर त्यांनी पुढच्या प्रत्येक पानात तो कसोशीनं पाळला. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. एकावर एक रचलेल्या माहितीला, जिथं शेवटी ठेवलेलं आधी काढावं लागतं, तिला ते 'उतरंड' म्हणायचे. घरात मडक्यांची उतरंड ज्यानं पाहिली आहे त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. मी ती काढून 'पुंज' केला. वापरून झालेली जागा संगणक आपोआप मोकळी करतो, त्याला त्यांनी 'झाडलोट' म्हटलं होतं. मी केलं 'अनुपयुक्त स्मृती संकलन'. दरवेळी उत्तर यायचं, "सूचना मान्य."

फक्त एकदा त्यांनी वाद घातला. चलात काहीच नसणं, म्हणजे प्रोग्रामर ज्याला नल म्हणतात, त्यासाठी त्यांनी 'नदारद' लिहिलं होतं. आमच्या नांदेडकडं शाळेतल्या पोरापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द. शब्दसूचीत 'रिक्त' होतं. मी 'रिक्त' केलं. त्यावर त्यांनी लांब उत्तर लिहिलं:

"महोदय, पिशवी रिकामी असणे आणि मुळात पिशवीच नसणे, यात फरक आहे. पहिल्यास मी रिकामी म्हटले, दुसऱ्यास नदारद. वर्गात मूल गप्प बसले असेल तरी ते हजर असते. आलेच नसेल तर ते नदारद. दोहोंस एकच शब्द वापरल्यास शिकणाऱ्याचा घोटाळा होईल असे वाटते. कृपया विचार व्हावा."

मी विचार केला नाही. लिहिलं, "उर्दू शब्द. शब्दसूची पाहावी." एवढे चार शब्द. त्यांनी पुढं काही लिहिलं नाही. पान माझ्या शब्दांसह प्रसिद्ध झालं.

शेवटचा प्रसंग काही आठवड्यांनंतरचा. पुस्तिकेचा पहिला भाग पूर्ण करायचा म्हणून घाई चालली होती. सरांच्या एका पानावर गटातल्या कोणीतरी सगळ्यांसमोर लिहिलं, "हे पान नक्की कुठल्या बोलीत आहे?" आणि पुढं हसणारा चेहरा. तो चेहरा बघून मला ते पुण्यातलं टेबल आठवलं. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघून हसतायत. त्या क्षणी मी सरांच्या बाजूनं उभी राहू शकले असते. मी हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्याच चर्चेच्या धाग्यात, सगळ्यांना दिसेल असं, मी लिहिलं: "लेखकाने आधी प्रमाण मराठीचा अभ्यास करावा, मग भाषांतरास हात घालावा."

दोघांनी त्यावर अंगठा उंचावला.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी पान यायला हवं होतं, त्याऐवजी हे आलं: "महोदय, आपले म्हणणे योग्य आहे. माझी भाषा या कामाच्या लायकीची नाही. माझ्याकडील उरलेली पाने दुसऱ्या योग्य व्यक्तीस द्यावीत. आजवर आपण माझ्यासाठी वेळ खर्च केलात, त्याबद्दल ऋणी आहे. कळावे."

मी ती पानं वाटून टाकली.

माझी झोप उडाली, जेवण गोड लागेना, असं काहीही झालं नाही. चार-पाच महिने मी मजेत होते. मग एका वाचकाचा शेरा आला. शिकणारी मुलगी असावी. तिनं लिहिलं होतं: "या पानावर 'रिक्त आणि रिक्त समान नाहीत' असं वाक्य आहे. मी दहा वेळा वाचलं. रिक्त आणि रिक्त समान का नाहीत? मला प्रोग्रामिंग जमणार नाही असं वाटतंय."

मी पान उघडलं. वाक्य माझंच होतं. सरांनी लिहिलं होतं, "रिकामे आणि नदारद समान नाहीत." ती ओळ लाल रंगात होती आणि खाली हिरव्या रंगात माझी, दोन्ही शब्दांच्या जागी 'रिक्त' घातलेली. मी जुनी सगळी पानं काढून बसले. एकेका पानावर वर लाल, खाली हिरवं. लाल ओळी वाचताना मला सरांचा आवाज ऐकू यायचा, लॅबमधला, आणि हिरव्या ओळींत कोणाचाच आवाज नव्हता. त्या मुलीच्या शेवटच्या वाक्याशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होते. पॅसेंजरमध्ये पुस्तकावर बोट ठेवून मी अगदी हेच म्हणायची.

वर्गातल्या एका मैत्रिणीकडून मी सरांचा नंबर मिळवला. फोन लावला आणि म्हणाले, "सर, मी उमरीची."

"उमरीची म्हणजे... अगं, पॅसेंजरवाली!" सर ओरडलेच. "कुठं हाईस गं तू?"

मी म्हणाले, भेटायला येते. रविवारी सकाळी लातूरहून एसटीत बसले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि वाटभर मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

सर नांदेडला तरोडा नाक्याच्या पुढं राहतात. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कढीपत्ता. ते फाटकापाशीच उभे होते. केस पार पिकले होते, पाठीला थोडा बाक आला होता. मी पाया पडले.

"ये पोरी, ये. लई दिसानं गं." मग आत वळून, "अगं, पोरगी आली बघ लातूरहून. पोहे टाक तिच्यासाठी."

काकूंनी पाणी आणलं. सरांनी घरचं, नोकरीचं, सासऱ्यांच्या तब्येतीचं सगळं विचारलं. मी उत्तरं देत होते तसे ते कौतुकानं बघत होते. म्हणाले, "तुझी मराठी लई साफ झाली गं. ऐकत बसावं वाटतंय." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "मला न्हाई जमलं ते."

मी विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करता सर?" मला माहीत होतं आणि तरी मी विचारलं.

"काय न्हाई. मधी एक काम घेतलं होतं. कॉम्प्युटरचंच, मराठीतून. ऑनलाइन असतंय ते." ते उठले आणि कपाटातून एक जाडजूड वही काढून आणली. "हे बघ."

वहीत प्रत्येक पानावर मधून रेघ मारलेली होती. डावीकडं मथळा, 'माझा शब्द'. उजवीकडं, 'योग्य शब्द'. डावीकडं चाडे, उजवीकडं प्राचल. डावीकडं उतरंड, उजवीकडं पुंज. माझा प्रत्येक शेरा त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता, मुलं गृहपाठाच्या चुका उतरवतात तसा. काही शब्द खाली पाच-पाचदा लिहून गिरवलेले. नदारदच्या समोर रिक्त लिहिलं होतं आणि पुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह.

"एक साहेब होते तपासायला," सर म्हणाले. "लई विद्वान माणूस. मला या वयात शिकवलं त्यांनी. फंक्शन आन् मेथड, तीस वर्षं मी चुकीचं सांगत आलो बघ पोरांना. तुलाही चुकीचंच सांगितलं असणार."

"न्हाई सर," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तो 'न्हाई' माझ्या तोंडून आपोआप आला.

"मग सोडलं मी. ते म्हणाले, आधी भाषा शिका. बरोबरच होतं त्यांचं. कोणाच्या कामात आपण का अडचण व्हावं?"

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एका पानाला चार चार दिस लावायचे. एका बोटानं टाइप करायचं. आता नुस्ते बसून राहतेत. मी म्हनलं, दुसरं कायतरी करा, तर म्हंतेत, मला काय येतंय दुसरं."

"तू पोहे बघ," सर म्हणाले.

मी वही मिटली. म्हणाले, "सर, ते साहेब नव्हते. ती मी होते."

त्यांना समजलं नाही. ते हसतच होते. "काय म्हणालीस?"

"तपासणारी मी होते. शेरे सगळे माझे आहेत. शेवटचासुद्धा."

सर माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. गर्दीत ओळखीचं वाटून हाक मारावी आणि वळलेला माणूस परका निघावा, तसे. मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं का, मी हाय म्हणून?"

खोटं बोलावंसं वाटलं. ते सोपं होतं. "हो सर. पाचव्या पानापासून."

"म्हणजे चाडं वाचलं तवा."

"हो."

"आन् तरी..." त्यांनी वही माझ्या हातातून हलकेच घेतली, कपाटात ठेवली, कपाटाची कडी लावली.

मी पुष्कळ काही बोलले. माफी मागितली, पुण्याचं सांगितलं, त्या मुलीचा शेरा सांगितला, नदारद बरोबर होतं हे सांगितलं. ते सगळं ऐकून घेत होते, मान हलवत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "न्हाई न्हाई, चुकलं ते माझंच होतं. तुम्ही योग्यच केलं."

काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या. सर म्हणाले, "मॅडमला चहा पण ठेव. साखर विचारून घे."

काकू गोंधळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "सर, मला तू म्हणा."

"आता कसं म्हणू?" ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही मोठं काम करून राहिलात. घ्या, पोहे घ्या. निवतील."

मी पोहे खाल्ले. बशीत टाकून उठणं त्या घरात मला शक्य नव्हतं. सर घड्याळाकडं बघून म्हणाले, "साडेतीनची गाडी मिळेल तुम्हाला. अंधाराच्या आत पोचाल." निघताना मी पुन्हा पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागं सरले आणि हात जोडले.

लातूरला आल्यावर मी जे करता येईल ते केलं. त्याच जाहीर धाग्यात, माझं खरं नाव लिहून, माफी मागितली. लिहिलं की हे माझे शिक्षक आहेत, त्यांचा शब्द अचूक होता आणि माझा चुकीचा. काही लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. नदारद पुन्हा पुस्तिकेत घ्यावा म्हणून मी गटात दोन आठवडे भांडले. कोणी म्हणालं प्रादेशिक आहे, कोणी म्हणालं पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. शेवटी ठरलं की इंग्रजी शब्दच देवनागरीत 'नल' असा लिहावा. चुकीचं वाक्य गेलं, पण सरांचा शब्द आला नाही. मी तपासणीचं काम सोडून दिलं.

माफीचा दुवा मी सरांना पाठवला होता. त्यांनी तो वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच दिसल्या. संध्याकाळी उत्तर आलं, "वाचले. आभारी आहे." पुढचा भाग तुम्ही लिहा, मी फक्त तुमच्या वेलांट्या बघेन, असंही मी लिहून पाहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी फोन करते. भांडण नाही, अबोला नाही. सर फोन घेतात, सासऱ्यांची चौकशी करतात, नायगावच्या रानात यंदा तूर कशी आहे ते सांगतात. "तुमचं कसं चाललंय?" विचारतात. मी मुद्दाम 'हाव सर', 'न्हाई सर' म्हणत राहते. ते प्रमाण मराठीत बोलतात. जपून, एकेक शब्द निवडून, शेवटचा अनुस्वारसुद्धा नीट उच्चारत. माझ्याशी बोलताना त्यांची बोली त्यांच्या तोंडात येत नाही. मला वाटतं, आता त्यांना माझी भीती वाटते.

मागच्या रविवारी फोन काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत." त्यांना खोटं बोलता येत नाही. मागून सरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, कोणाला तरी हसत हसत काही समजावत होते, शेजारची मुलगी असावी. मोकळा, मोठा आवाज, "अगं तसं न्हाई गं, थांब, तुला सांगतो बघ." मी काकूंना म्हणाले, असू द्या, पुन्हा करते. पण फोन ठेवला नाही. काकूंनीही ठेवला नाही. त्यांनी तो तसाच चालू कुठंतरी टेकवून ठेवला असावा, कारण पुढची काही मिनिटं मला सर शिकवताना ऐकू येत होते.